कुमार कादंबरीतील पालकांचा मृत्युदर

इंग्रजी पुस्तकांच्या व्यापारात ज्या पुस्तकांना ‘यंग अडल्ट’, किंवा आद्याक्षरांवरून ‘वायए’, म्हणतात, त्यांची व्याख्या साधारणपणे १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेले कथात्म साहित्य अशी केली जाते, आणि ती व्याख्या बरोबर असली तरी गिऱ्हाइकांनी ती फारशी मनावर घेतलेली नाही. पुस्तकविक्रीची मोजदाद ठेवणाऱ्या बोकर या अमेरिकन संस्थेने २०१२मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की ही पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून अधिक वयाचे होते, त्यांत ३० ते ४४ या वयोगटाचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि बिचारे मुलांसाठी घेत असतील असा सभ्य तर्क कोणी लढवण्यापूर्वीच त्यांच्यातील बहुसंख्यांनी ही पुस्तके आपण स्वतःलाच वाचायला घेतो असे कबूल करून टाकले. हॅरी पॉटरच्या ब्रिटिश प्रकाशकाने तर आगगाडीत वाचताना कोणाची मान खाली जाऊ नये म्हणून गंभीर मुखपृष्ठाची प्रौढ आवृत्तीच काढली होती. आतला मजकूर तोच, फक्त चेहरा बँकेत कर्जासाठी गेलेल्या माणसाचा.

मराठीत या वयाला नाव देतानाच पंचाईत होते. ‘पौगंडावस्था’ हा शब्द आज तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी वापरला जात असला, तरी संस्कृत टीकाकारांच्या हिशेबात पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि पंधराव्यापर्यंत कैशोर अशी वाटणी होती, म्हणजे त्या हिशेबाने पौगंड मूल दुसरी-तिसरीत असायला हवे, आणि ‘कुमार’ शोधायला गेले तर तो अजून बालवाडीत रडत असलेला सापडेल. साहित्यसंमेलनांनी यावर ‘बालकुमार’ असा समास करून तोडगा काढला, ज्यात सहा वर्षांची चिमुरडी आणि सोळा वर्षांचा मिशा फुटलेला मुलगा यांना एकाच सतरंजीवर बसवून एकच लाडू दिला जातो. पुढील विवेचनात सोयीसाठी ‘कुमार कादंबरी’ हा शब्द वापरला आहे, आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना तो मुळीच आवडणार नाही हे गृहीत धरले आहे.

विवेचनाचा विषय मात्र कुमार नसून, ते शाळेत गेल्यावर त्यांची पुस्तके उघडून बसणारा पालक हा आहे, आणि त्यातही स्वतः लिहिणारा पालक. उदाहरणादाखल आयर्लंड घ्या: २०२२च्या जनगणनेनुसार तिथे ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक राहत होते. त्यांतली मराठी कुटुंबे डब्लिनच्या लूकन, ब्लँचर्ड्सटाउन, स्वोर्ड्स अशा उपनगरांत संगणक कंपन्या आणि रुग्णालये यांच्या आधाराने स्थिरावलेली दिसतात, आणि दिवाळी अंकाला दरवर्षी एक कथा पाठवणारी व्यक्ती ज्यात नाही असा मराठी समूह पृथ्वीच्या पाठीवर अद्याप आढळलेला नसल्यामुळे, पालक-लेखक ही जात तिथेही नांदते असे मानायला हरकत नसावी. हा पालक-लेखक प्रत्येक पुस्तक दोनदा वाचतो: पालक म्हणून वाचताना नायिकेने पावसात बाहेर पडताना स्वेटर घातला आहे ना हे पाहतो, आणि लेखक म्हणून वाचताना तो स्वेटर काढून घेतला तर कथानक किती वेगाने धावेल याचा हिशेब करतो. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, पण चष्मा एकच असल्यामुळे एकत्र राहावे लागते.

अशा अभ्यासाला आयर्लंडसारखी जागा नाही. तिथे २०१०पासून ‘लॉरिएट ना नोग’ नावाचे एक राष्ट्रीय मानपद आहे. आयरिश भाषेत ‘ना नोग’ म्हणजे ‘तरुणांचा’ किंवा ‘कोवळ्यांचा’, आणि हे पद भूषवणाऱ्या लेखकाने किंवा चित्रकाराने देशभर फिरून मुलांना पुस्तकांकडे ओढावे अशी अपेक्षा असते. पहिला मान शिवॉन पार्किन्सन यांना मिळाला, २०१४मध्ये तो ओवेन कोल्फर यांच्याकडे गेला, जे वेक्सफर्डमध्ये प्राथमिक शाळेत शिकवत आणि ज्यांनी २००१मध्ये आर्टेमिस फाउल हा बारा वर्षांचा अट्टल गुन्हेगार नायक म्हणून उभा केला. प्राथमिक शिक्षकाला असा नायक सुचावा यात कोणत्याही शिक्षकाला आश्चर्य वाटणार नाही. शिवाय जानेवारी २०१९पासून तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी उशिराचा दंडच रद्द केला आहे, त्यामुळे दिवसाला दहा पैसे दंडाच्या धाकात वाढलेल्या मराठी पालकाला आधी काही दिवस नैतिक पोकळी जाणवते, आणि मग मुलाच्या नावावर आणलेले पुस्तक मुलाने वाचून संपवले तरी आणखी तीन आठवडे घरात राहू शकते हा शोध लागतो.

ग्रंथालयात जाऊन स्वतः ते पुस्तक निवडणे त्याला मात्र जमत नाही, कारण कुमार विभागात बसण्यासाठी खुर्च्यांऐवजी दाणे भरलेल्या मोठ्या उश्या असतात, आणि पंचेचाळिशीतील मनुष्य त्या उशीत बसू शकत असला तरी तिच्यातून सन्मानाने उठू शकत नाही.

म्हणून पुस्तक घरीच वाचले जाते, आणि लपवून वाचले जाते. या पिढीने आपल्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात घालून आईवडिलांपासून लपवलेल्या असतात. तीच पिढी आता मुलांची पुस्तके मुलांपासून लपवते, ही या विषयातील एकमेव खरी प्रगती म्हणावी लागेल. लपवण्याची जागा बहुधा ‘हॉट प्रेस’ ही असते. आयर्लंडच्या इंग्रजीत ‘प्रेस’ म्हणजे छापखाना नव्हे, तर कपाट, आणि ‘हॉट प्रेस’ म्हणजे गरम पाण्याची टाकी ज्यात असते ते टॉवेल-चादरी उबदार ठेवायचे कपाट. पण लेखक पेशाच्या माणसाला आपली वस्तू ‘प्रेसमध्ये’ आहे असे म्हणताना जो क्षणिक आनंद होतो, तो ती वस्तू दुसऱ्याची कादंबरी आहे हे आठवेपर्यंत टिकतो.

आयरिश कुमार कादंबरीची भाषा हा एक वेगळाच सापळा आहे. तिच्यात एखादी मुलगी सांगते की आई काल रात्रभर ‘गिव्हिंग आउट’ करत होती, आणि मराठी पालक त्या माउलीच्या दानशूरपणाने भारावतो. वास्तविक आयरिश भाषेतल्या एका वाक्प्रचारावरून आलेल्या या प्रयोगाचा अर्थ रागावणे, तोंडाचा पट्टा सोडणे असा आहे. याहून गंभीर प्रकार ‘शिफ्ट’ या शब्दाचा. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या आईच्या दृष्टीने शिफ्ट ही अतिशय आदरणीय गोष्ट असते, त्यामुळे नाचाच्या कार्यक्रमात नायिकेला एका मुलाकडून ‘शिफ्ट मिळाली’ असे वाचल्यावर, शिकता शिकता कमावणाऱ्या या मुलीचे उदाहरण आपल्या कन्येपुढे ठेवावे असे तिला वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते तिने जेवणाच्या टेबलावर खरोखर ठेवलेच, तर कन्येच्या घशात वरणभात अडकणेही तितकेच स्वाभाविक आहे, कारण त्या देशातील तरुणांच्या बोलीत शिफ्ट म्हणजे चुंबन, आणि तेही कपाळावरचे नव्हे.

परंतु शब्द शिकता येतात. पालक-लेखकाला खरोखर अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे, आणि ती म्हणजे कुमार कादंबरीतील पालकांचा मृत्युदर. शिवॉन डाउड यांच्या २००६ सालच्या ‘अ स्विफ्ट प्युअर क्राय’ या कादंबरीत, जी १९८४ सालच्या कॉर्क परगण्यात घडते, पंधरा वर्षांच्या शेलची आई गोष्ट सुरू होण्यापूर्वीच वारली आहे आणि बाप दारू व देव या दोन्हींत आलटून पालटून बुडालेला आहे. आर्टेमिस फाउलचे वडील रशियाच्या उत्तरेला मुर्मान्स्कच्या बाजूला जहाजासकट नाहीसे झाले आहेत, आणि आई त्या धक्क्याने माळ्यावरच्या खोलीत अंथरुणाला खिळली आहे. लुईज ओनील यांच्या २०१४ सालच्या ‘ओन्ली एव्हर युअर्स’मध्ये मुली जन्माला न येता एखाद्या मालाप्रमाणे तयार केल्या जातात आणि थेट शाळेत वाढवल्या जातात, म्हणजे लेखिकेने एकेका पालकाला मारत बसण्याऐवजी तो विभागच बंद करून टाकला. पॅडर ओ गिलीन यांच्या २०१६ सालच्या ‘द कॉल’मध्ये पालक जिवंत आहेत हे पाहून वाचक सुटकेचा श्वास सोडतो, तोच कळते की ‘शी’ नावाच्या आयरिश पुराणातील प्राचीन परीजनांनी सगळे बेट जगापासून तोडले असून ते प्रत्येक किशोरवयीन मुलाला तीन मिनिटांसाठी आपल्या राखाडी भूमीत खेचून नेतात, आणि दहांतले जेमतेम एक मूल जिवंत परतते. तिथे पालकांनी जिवंत राहायचे ते केवळ दारात उभे राहण्यासाठी.

पालक म्हणून वाचणारा मनुष्य या सगळ्याकडे विमा कंपनीच्या नजरेने पाहतो, आणि आपल्या वयाची, आपल्या रक्तदाबाची, मुलांच्या डब्याची काळजी करणारी इतकी माणसे पहिल्या प्रकरणापूर्वीच का दगावतात, यांना वेळेत डॉक्टरकडे कोणी नेत का नाही, असे प्रश्न समासात पेन्सिलीने लिहितो. लेखक म्हणून वाचणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. आई जिवंत आणि शुद्धीवर असेल तर कोणतेही साहस तिसऱ्या पानावर संपते, कारण पाताळातील नगरीचा दरवाजा उघडत असताना स्वयंपाकघरातून ‘आधी जेवून घे’ अशी हाक आली, तर त्या तीन शब्दांपुढे टिकेल असे कथानक जगातील कोणत्याही भाषेत अजून रचले गेलेले नाही. कोल्फर यांना हे इतके नेमके कळले होते की त्यांचा नायक परीलोकाकडून एक टन सोने खंडणी म्हणून उकळतो, आणि शेवटी त्यातले अर्धे परत देऊन त्या बदल्यात आईला बरी करून घेतो. कादंबरी संपत आल्यामुळेच आई बरी होऊ शकते. बारा वर्षांचा वाचक या ठिकाणी उरलेले अर्धे सोने मोजतो आणि त्याचा पालक नाक पुसतो.

मराठी साहित्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातही आई मरते, पण ती शेवटी, कर्तव्ये, दया, स्वाभिमान आणि पाण्यात उडी मारण्याचे धैर्य यांविषयीच्या सगळ्या सूचना देऊन झाल्यावर मरते. आयरिश आई पहिल्या पानापूर्वीच जाते आणि साधी चिठ्ठीसुद्धा ठेवत नाही. इतरत्र मराठी लेखकांनी पालकांना मारण्याऐवजी मुलांना परगावी ठेवण्याचा अहिंसक मार्ग स्वीकारला. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो, आणि त्याचे आईवडील तिकडे सुखरूप राहत असताना इकडे चोर पकडायला मोकळा होतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन बेळगावच्या परिसरात आजी-आजोबांकडे वाढतो, आणि आईवडील त्याच्या मनात एखाद्या दुखऱ्या, गोड जागेसारखे राहतात. जे काम आयरिश कादंबरीत अंत्ययात्रा करते, ते मराठीत एसटी करते. समुद्र ओलांडून डब्लिनला आलेल्या, स्वतःचे आईवडील सातारा-सांगलीत ठेवलेल्या पालकाला या दोन पद्धतींत आपण नक्की कोणत्या पुस्तकातले पात्र आहोत हा प्रश्न कधीकधी पडतो. रविवारी फोनवर आईशी बोलताना तो हा प्रश्न विसरतो, कारण तिकडूनही ‘जेवलास का’ एवढेच विचारले जाते.

पालकांना वाटेतून दूर करण्याच्या या रीतीला एक अपवाद आहे, आणि तो इतका दाहक आहे की तिथे थट्टा थांबते. लुईज ओनील यांच्याच २०१५ सालच्या ‘आस्किंग फॉर इट’मध्ये कॉर्कमधील एका छोट्या गावातल्या एमा या मुलीवर एका पार्टीनंतर अत्याचार होतो, त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरतात, आणि तिचे आईवडील, दोघेही जिवंत, धडधाकट आणि सुसंस्कृत, तिच्या डोळ्यांत पाहण्याऐवजी गाव काय म्हणेल याकडे पाहत राहतात. या शैलीतल्या डझनावारी मृत माता एकत्र केल्या तरी त्या एका जिवंत आईइतक्या भयंकर होत नाहीत. पुस्तक संपल्यावर पालक-लेखकाच्या लक्षात येते की बाकीच्या लेखकांनी पालकांना मारून टाकले ही त्यांनी केलेली दयाच होती, आणि आजवरच्या आयरिश कुमार कादंबऱ्यांत हीच सर्वांत मोठी ठरते ती तिच्या विषयामुळे नव्हे, तर तिने पालकांना खोलीत बसवून ठेवले म्हणून.

अशी पुस्तके हाती लागली की घरात सेन्सॉर मंडळ स्थापन होते. या बाबतीत देशाला मोठी परंपरा आहे: १९२९च्या कायद्याने आयर्लंडमध्ये प्रकाशनांवर नियंत्रण ठेवणारे पाच सदस्यांचे मंडळ आले, आणि त्याने ज्यांवर बंदी घातली त्यांत एडना ओब्रायन यांची १९६० सालची ‘द कंट्री गर्ल्स’ ही कादंबरी होती, जिच्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या केट आणि बाबा या दोन मैत्रिणी मोठ्या होतात. (आज ती दुकानात नुसती उघडून पाहिली तरी कुमार विभागातच ठेवावीशी वाटते, केटची आईसुद्धा नियमाप्रमाणे सुरुवातीलाच बुडून मरते.) लंडनमध्ये दोन लहान मुलांना सांभाळत असताना ती आपण तीन आठवड्यांत लिहिली असे ओब्रायन सांगत, आणि दिवाळी अंकाच्या एका कथेला सहा महिने लावणाऱ्या पालक-लेखकाने हे वाक्य वाचल्यावर पुस्तक काही दिवस हॉट प्रेसमध्ये ठेवले तर त्याला दोष देता येत नाही. पुढे १९६७च्या दुरुस्तीने अशी बंदी बारा वर्षांनी आपोआप उठेल असे ठरले, म्हणजे मूल जन्मले त्या दिवशी बंदी घातलेले पुस्तक ते मूल कुमार वाचक होईल त्याच दिवशी मोकळे होणार. कायदे करणाऱ्यांत एखादा कंटाळलेला बाप असल्याखेरीज असा नेमका आकडा सुचत नाही. घरातील मंडळात सदस्य दोनच असतात, त्यांपैकी एक स्वतः लेखक असल्यामुळे बंदीच्या तत्त्वाविरुद्ध असतो, दुसऱ्याने पुस्तक वाचलेले नसते, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो त्याने ते मागच्या वर्षीच संपवलेले असते.

मागच्या वर्षी त्याला वेळ कसा मिळाला, हे मराठी पालकाला समजावून सांगणे अवघड आहे. आयर्लंडच्या माध्यमिक शिक्षणात ‘ट्रान्झिशन इयर’ नावाचे एक ऐच्छिक वर्ष असते. १९७४मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या या वर्षात, म्हणजे साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी, मुले शासकीय परीक्षेच्या जाचाविना कामाचा अनुभव घेतात, नाटके बसवतात, समाजसेवा करतात आणि वाचतात. ज्या वयात महाराष्ट्रात घराचा टीव्ही कापडाने झाकला जातो आणि पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवले जाते, त्या वयात एक सबंध वर्ष परीक्षेशिवाय ही कल्पना मराठी मनाला प्रथम फसवणुकीसारखी वाटते. पालक ‘वर्ष वाया’ असे पुटपुटतो. लेखक, ज्याचे अवघे लेखन दहावीनंतरच्या एका मोकळ्या सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांवर उभे आहे, गप्प बसतो.

लेखकाचे स्वतःचे पापही लहान नाही. मुलांच्या पुस्तकांत त्याला जे हवे असते ते वाङ्मयीन मूल्य नसून माल असतो: मुले कशी बोलतात, काय लपवतात, कशाने दुखावतात याची टिपणे तो किराणा यादीच्या मागे करत असतो, आणि त्यातून रचलेली कथा छापून येईपर्यंत त्या शब्दांनी मुले बोलेनाशी झालेली असतात. सेरा क्रॉसन यांची ‘वन’ ही शरीराने जोडलेल्या दोन जुळ्या बहिणींची मुक्तछंदातील कादंबरी, जिला २०१६चे कार्नेगी पदक मिळाले, वाचताना त्याचा मत्सर विशेष उफाळतो, कारण तिच्या पुष्कळ पानांवर अर्ध्याहून अधिक जागा कोरी आहे आणि त्या कोऱ्या जागेतच वाचक रडतो. मराठी संपादकाकडे इतका कोरा कागद पाठवला तर तो उरलेला मजकूर कधी येणार म्हणून फोन करील.

सर्वांत ओळखीची वाटते ती केट टॉम्प्सन यांची २००५ सालची ‘द न्यू पोलिसमन’. गॉलवे परगण्यातल्या किनव्हारा गावात कोणालाच वेळ पुरेनासा झाला आहे, आणि पंधरा वर्षांच्या जेजे लिडीची आई, जी या शैलीच्या मानाने आश्चर्यकारकरीत्या हयात आहे, वाढदिवसाची भेट म्हणून फक्त थोडा वेळ मागते. मुलगा तो शोधत ‘तीर ना नोग’ला, म्हणजे जिथे कोणी म्हातारे होत नाही अशा तरुणांच्या देशात जातो, तर आपल्या जगातला वेळ तिकडे गळत असल्याचे उघड होते. दुपारी घर आवरायला काढलेला दीड तास या कादंबरीवर घालवलेल्या आईला आपला वेळ नेमका कुठे गळतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

तीर ना नोगची मूळ दंतकथा ऑशीनची. फिऑन या वीराचा हा मुलगा स्वतः कवी होता, नीव्ह नावाच्या सुंदरीबरोबर पांढऱ्या घोड्यावरून तीर ना नोगला गेला, काही पाठांनुसार तिथे त्याला मुलेही झाली, आणि तीन वर्षे समजून तीनशे वर्षे राहून परतला. पालक आणि लेखक या दोन्ही नात्यांनी तरुणांच्या देशात जाऊन आलेला हा पहिला ज्ञात मनुष्य. घोड्यावरून पाय खाली टेकवायचा नाही एवढी एकच अट त्याला घातलेली होती. डब्लिनच्या दक्षिणेला, टालाच्या वरच्या बाजूस असलेल्या ग्लेनास्मोलच्या दरीत काही माणसे एक धोंडा उचलू पाहत होती, त्यांना ते जमत नाही हे पाहून याने मदतीसाठी खोगिरावरून वाकून हात घातला, पट्टा तुटला, आणि जमिनीला टेकताच तो क्षणात जख्ख म्हातारा झाला. पुढचे सगळे आयुष्य त्याने सेंट पॅट्रिकला आपली हकीकत सांगण्यात आणि त्याच्याशी वाद घालण्यात काढले.

पालक-लेखकही असाच पडतो, आणि मदत करायला वाकल्यामुळेच पडतो. रात्री साडेदहाला मुलाच्या खोलीत दिवा अजून चालू असतो, मुलगा आर्टेमिस फाउलच्या पहिल्या भागाच्या मध्यावर असतो, चेहरा पडलेला असतो, आणि दारात दुधाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या आईला ते पाहवत नाही. ‘अरे, बाबा सापडतात त्याचे दुसऱ्या भागात,’ ती म्हणते. मुलगा पुस्तक मिटतो, पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहतो, आणि अत्यंत शांतपणे विचारतो की हे तिला कसे माहीत. जिन्याखाली बाबा हॉट प्रेस उघडून टॉवेल शोधत असतात, आणि त्यांना आत दुसरा भाग सापडतो.